फोकरच्या नाकावर नारळ

राजन : फोडलंस! केरू, अरे फोडलंस तू!

केरू : फोडला की. एका दणक्यात दोन शकलं. शकुन लई चांगला हाय साहेब.

राजन : नारळाचं नाही बोलत मी. नाक! विमानाचं नाक फोडलंस!

केरू : कुठं?

राजन : ही चीर दिसत नाही तुला? इथून निघाली ती पार खालपर्यंत गेलीय. आणि नारळाचं पाणी आत झिरपतंय ते वेगळंच.

केरू : आरं तिच्या! पर साहेब, म्या रिवाजानंच केलं. माझ्या ह्या रिकव्हरी ट्रकवर जे चढतं त्याला आधी नारळ, मग वढायचा विंच. मागल्या हप्त्यात अजमानला बुलडोझर नेला, त्याच्याबी दातावर फोडला. हूं का चूं केलं न्हाय त्यानं.

राजन : बुलडोझर पोलादी असतो रे बाबा. हे फायबर ग्लास आहे. आत रडार बसवलेलं असतं, म्हणून विमानाचं नाक धातूचं करतच नाहीत.

केरू : आता हे आमाला कोण सांगणार? एवढं आभाळातनं जाणारं इमान, त्याचं नाक म्हणजे आमाला वाटलं तोफच असंल.

मृणालिनी : काय झालं हो? चौथ्या मजल्यावर ऐकू येतंय. मला वाटलं आपली गाडी कुणी ठोकली. मग म्हटलं छे, गाडीसाठी हे एवढे ओरडायचे नाहीत.

राजन : मृणाल, ह्याने नाकावर नारळ फोडला.

मृणालिनी : कुणाच्या?

राजन : चेष्टा सुचतेय तुला! उद्या सकाळी हे घेऊन जायचंय आणि आज ही चीर!

केरू : वैनी, नारळ मात्र ग्वाड निघाला. हे खोबरं घ्या. देवाला दाखवा आन ऱ्हायलेलं चटणीला.

मृणालिनी : आणा इकडे. एकाचं तरी चांगलं झालं.

केरू : साहेब, राग न्हाय ना? एक इच्यारू का पर? तुमी फोनवर निस्तं म्हणलासा, सामान हाय, उम्म अल क्वैनच्या रस्त्याला न्यायचंय. म्हणलं फ्रिज-कपाट असंल. आन येऊन बघतो तर शेडखाली इमानाचं मुंडकं! धड कुठाय?

राजन : धड भंगारात गेलं. पंख, शेपूट, सगळं. मी फक्त कॉकपिट वाचवलं. पायलट बसतात ती जागा.

मृणालिनी : तीन वर्षांपूर्वी वाचवलं, केरूभाऊ. तेव्हापासून ही शेड ह्याची. आमच्या फ्लॅटला सावलीतली एकच पार्किंग आहे, त्यात हे बसतं. गाडी बाहेर उन्हात. जुलैत स्टिअरिंगला हात लावला की पोळतं. मी ओव्हनचे मोजे घालून गाडी चालवत दुबईला, ऊद मेथाच्या शाळेत शिकवायला जाते. पोरं विचारतात, मिस, आर यू बेकिंग समथिंग?

राजन : गाडी काय, उन्हाने मरत नाही. ह्याच्या डायलवरचे आकडे उडतात उन्हाने.

मृणालिनी : ऐकलंत? आणि आकड्यांना हात लावताना हे पांढरे सुती मोजे घालतात. माझ्या पैठणीला कधी घातले नाहीत. इतका सोवळेपणा, आणि वॉचमन खैरुद्दीन दुपारी कॅप्टनच्या खुर्चीत घोरत असतो तो चालतो. गेल्या वर्षी मांजर व्यायली को-पायलटच्या सीटखाली, तर तिला महिनाभर हलवू दिलं नाही.

राजन : मांजर ओरिजिनल काही खराब करत नव्हती.

केरू : मग हे उद्या इकायचंय का तिकडं?

राजन : विकायचं कसलं! मेळावा आहे. अशी जुनी कॉकपिटं जपणारे वेडे असतात जगात. कुणाकडे फायटरचं, कुणाकडे मालवाहू विमानाचं. वर्षातून एकदा सगळे फ्लाइंग क्लबच्या मैदानावर आपापलं घेऊन येतात आणि मांडतात. लोक बघायला येतात.

केरू : म्हंजी आमच्याकडं जत्रंला बैलं नटवून आणत्यात, तसं.

मृणालिनी : अगदी तसं. फक्त बैल आपल्या पायांनी तरी येतो.

राजन : ह्या वर्षी तर क्लबने हँगरमधली एक खोली रिकामी केलीय, केरू. चांगली बंद, एसीवाली. आलेल्या कॉकपिटांमधलं एक तिथे कायमचं ठेवणार. एकच.

मृणालिनी : आणि इथे अरबाबने, बिल्डिंगच्या मालकाने, निरोप पाठवलाय की शनिवारी ही शेड पाडणार. नवा टॉवर येतोय. म्हणजे उद्या ती खोली मिळाली तर ठीक. नाहीतर...

राजन : बोलू नकोस.

मृणालिनी : नाहीतर जहूर भंगारवाला. शनिवारी कटर घेऊन येणार आहे. ह्यांनी मला शब्द दिलाय, आभाच्या डोक्यावर हात ठेवून.

राजन : तिने हात झटकला होता. 'डॅड, माय हेअर!' म्हणाली. तो शब्द धरता येत नाही.

केरू : न्हाय, पर साहेब, एवढा जीव का म्हणं ह्यात? तुमी इमानाच्या कामाला, रोज नवी कोरी इमानं बघता.

राजन : हे आमचं विमान आहे, केरू. एक्क्याण्णव साली लग्न झालं आमचं. मी तेव्हा इथे एका छोट्या कंपनीत मेकॅनिक होतो. अशी तीन फोकर विमानं होती त्यांची, पंख्यांची. ही मुंबईहून मस्कतला उतरली, नवी नवरी, आणि तिथून शारजाला मी तिला कंपनीच्याच विमानातून आणली. मधल्या डोंगरांवर विमान असं हलायला लागलं की विचारू नकोस. ही रडायलाच लागली.

मृणालिनी : रडत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं.

राजन : कॅप्टन म्हणाला, हिला पुढे आणा. समोर नजर ठेवली की मळमळत नाही. तर ही बघ, मागे ही घडीची सीट आहे ना, हिच्यावर बसून हिने आयुष्यात पहिल्यांदा शारजा पाहिलं.

केरू : ह्याच इमानातनं?

राजन : ह्याच.

मृणालिनी : हो. ह्याच. आता ते नारळाचं पाणी पुसा आधी, मुंग्या लागतील.

राजन : पुट्टी भरून रंग मारला तर?

मृणालिनी : उद्यापर्यंत वाळेल?

राजन : नाही वाळणार. आणि हे लोक भिंग घेऊन बघतात गं. लपवलेली चीर उघड्या चिरेपेक्षा वाईट.

मृणालिनी : मग वरून हार घालू. झेंडूचा.

केरू : नगं वैनी. गाडीवर मुंडकं आन त्याला हार! पोलीस म्हणत्याल मयत चाललंय.

राजन : तू आता काही सुचवू नकोस.

केरू : न्हाय सुचवत. पर उद्या म्या निस्तं सोडून जाणार न्हाय साहेब. दिसभर थांबतो. मोडलंय म्या, तर पडंल ते करतो.

मृणालिनी : या. फक्त हातात नारळ नको.

(दुसरा दिवस, शुक्रवार. उम्म अल क्वैनच्या वाटेवरचं फ्लाइंग क्लबचं मैदान आणि फेब्रुवारीतलं गोड ऊन. धडावेगळी झालेली विमानांची मुंडकी ओळीने मांडली आहेत, प्रत्येकापुढे दोरी. मृणालिनी सकाळपासून नवऱ्याच्या तोंडाकडे बघते आहे आणि ते तोंड हळूहळू लहान होत चाललं आहे. तीन वर्षं तिने ह्या धुडाचा मनापासून राग केला. आज त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, तर तिला लोकांचाच राग येऊ लागला आहे.)

राजन : प्लीज, डोन्ट टच! येस, यू! हात मागे! ... गेला बघ.

मृणालिनी : जाणारच. सकाळपासून किती पोरं पळवलीत, आठवतंय का?

राजन : स्विचला हात लावत होता तो. तो स्विच ओरिजिनल आहे.

मृणालिनी : मग स्विचला हात नाही लावायचा तर काय ओवाळायचं?

राजन : तिकडे ते फायटर बघ. काय चकाकतंय! लोक तिकडे जातात. आपल्याकडे येतात, चीर बघतात, 'ओ डिअर' म्हणतात आणि पुढे सरकतात. संपलं, मृणाल. खलास. जहूरला फोन करून ठेव.

मृणालिनी : जहूर कुठे पळून जात नाही. तुम्ही जा आणि करक चहा घेऊन या सगळ्यांना.

राजन : आत्ता? तो निवड करणारा म्हातारा फिरतोय.

मृणालिनी : हाफ चड्डीतला गोरा ना? तो अजून पार त्या टोकाला आहे. जा. यल्ला. आणि ते मोजे काढा, चहावाला डॉक्टर समजून नाडी पुढे करेल.

राजन : लक्ष ठेव हं. कुणी आत...

मृणालिनी : ठेवते. जा तुम्ही. ... केरूभाऊ, ती दोरी सोडा.

केरू : साहेब मारतील.

मृणालिनी : साहेबांना मी बघते. दोरी सोडा आणि शिडीपाशी उभे राहा, कुणी पडायला नको. यल्ला चिल्ड्रेन! वन लाइन, प्लीज! नो पुशिंग. यस यस, यू कॅन टच. टच एव्हरीथिंग.

केरू : वैनी, तुमाला ह्यातलं कळतं का?

मृणालिनी : तीन वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय? आमटीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आधी हे अल्टिमीटर सांगतात. बस बाळा. लेफ्ट सीट. यू आर द कॅप्टन. धिस वन सेज हाउ हाय, धिस वन हाउ फास्ट. नाउ पुल. पुल, पुल! नोज इज गोइंग अप. व्हेअर आर यू टेकिंग अस, कॅप्टन? ... कोचीन? व्हेरी गुड. वाटेत मला मुंबईला सोड.

केरू : च्यायला, रांग बघा वैनी! पार त्या फायटरापत्तूर गेली. त्याचा मालक डोळं वटारून बघतोय आपल्याकडं.

मृणालिनी : बघू दे. दोरी सोडायची त्याची त्याने. केरूभाऊ, ही पोरं दर सुट्टीत विमानाने गावी जातात, पण पुढे काय असतं ते ह्यातल्या एकानेही पाहिलेलं नसेल. पूर्वी एअर होस्टेसला विचारलं की पोरांना पुढे नेऊन दाखवायचे. आमच्या आभाला दाखवलं होतं. ते न्यूयॉर्कच्या टॉवरांचं झालं आणि तेव्हापासून ते दार आतून बंद. नेक्स्ट! कम, कम. व्हॉट इज युअर नेम, कॅप्टन?

केरू : मंग म्याबी बसू का? पोरांचं झाल्यावर?

मृणालिनी : लायनीत उभे राहा.

केरू : वैनी, त्यो म्हातारा आला. चिरंला बोट लावून बघतोय. मला काय तरी इच्यारतोय.

मृणालिनी : मग सांगा की. तुमचीच करणी आहे.

केरू : मला विंग्रजी कुठं येतंय? ... कोकोनट! आय, कोकोनट, ढप! फॉर गॉड! गुड लक! ... वैनी, हसतोय. लई हसतोय. पार डोळ्यांतनं पाणी काढलं त्यानं. आता शिडी चढाया लागला.

मृणालिनी : गुड मॉर्निंग, सर. वेलकम. नो नो, नॉट द कॅप्टन्स सीट, देअर इज अ लाइन. सिट हिअर, सर, ऑन द फोल्डिंग सीट. धिस सीट हॅज अ स्टोरी.

केरू : साहेब, आलासा? आरं, सांडला की चहा हातावर.

राजन : दोरी कुठे गेली? ही रांग कसली? केरू, ती मुलगी थ्रॉटल ओढतेय! दोन्ही हातांनी!

केरू : वैनींनीच सोडाया लावली दोरी. तुमी गप ऱ्हावा साहेब. वैनी गोऱ्याला गोष्ट सांगत्यात. ती मस्कतची, कालची. त्यो बी टोपी काढून ऐकतोय बघा.

राजन : काय सांगतेय? ... 'धिस व्हेरी सीट.' अरे देवा. तो विचारतोय, खात्री आहे ना, ह्याच विमानात? आणि ही हो म्हणतेय. तीनदा विचारलं त्याने, तीनदा हो म्हणाली. धर हा चहा.

केरू : कुठं निघालासा? साहेब! आवो, गोष्ट तर संपू द्या!

मृणालिनी : केरूभाऊ, तो चहा द्या इकडे. मला बसू दे जरा.

केरू : काय झालं वैनी? साहेब चढलं काय, गोऱ्याला बोललं काय, आन त्यो मान हालवत निघूनच गेला.

मृणालिनी : विचारा तुमच्या साहेबांना. अहो, जे इंग्रजीत सांगितलंत ना, ते जरा मराठीत सांगा. ह्यांनाही कळू दे.

राजन : मी म्हटलं, सॉरी सर. माझ्या बायकोला तसं वाटतं, कारण मीच तिला तसं सांगितलंय. पण हे ते विमान नाही.

केरू : म्हंजी?

राजन : त्या तीन फोकरांमधलंच हे एक. पण हिला ज्यातून आणलं ते दुसरं. ते पुढे आफ्रिकेत कुणीतरी नेलं आणि तिकडेच तोडलं. तिघींमधली ही एक बहीण उरली होती. ती मी आणली.

केरू : आन तीन वरसं वैनींस्नी खोटं सांगितलंसा?

राजन : हो.

केरू : आरारा. म्या जाऊ का वो जरा तिकडं? तुमचं भांडण होऊ द्या.

मृणालिनी : थांबा, साक्षीला लागाल. अहो, मला एवढंच सांगा. आज गप्प बसला असतात तर खोली हातात आली होती. म्हातारा रडायच्या बेतात होता. तीन वर्षं थाप पचवलीत आणि नेमका आजच कसा हरिश्चंद्र अंगात आला?

राजन : अगं, त्या खोलीत कॉकपिटापुढे बोर्ड लागतो. एकदा बोर्डावर लिहिलं की पन्नास वर्षं लोक ते खरं मानतात. विमानाबद्दल खोटं नाही बोलता येत मला.

मृणालिनी : आणि बायकोशी येतं?

राजन : तुझ्यापुढे बोर्ड लागत नाही.

मृणालिनी : लागतो. रोज सकाळी तोंडावर लागतो. तुम्ही डायलमधून डोकं वर काढाल तेव्हा वाचाल ना.

राजन : रागावलीस?

मृणालिनी : कशाला रागवू? मला माहीत होतं.

राजन : काय माहीत होतं?

मृणालिनी : हे ते विमान नाही, हे. पहिल्या दिवसापासून. तुम्ही हे शेडमध्ये उभं केलंत, वर आलात आणि दमून झोपलात. मी हळूच खाली उतरले. खैरुद्दीनला म्हटलं, शिडी धर. आत गेले, ह्या घडीच्या सीटवर बसले आणि हाताने चाचपलं. नव्हता तिथे.

केरू : कोण नव्हता?

मृणालिनी : श्री.

केरू : हा कोण?

मृणालिनी : कोण नाही हो. श्री. अक्षर. त्या दिवशी मी फार घाबरले होते, केरूभाऊ. खाली नुसते काळे डोंगर, औषधाला एक झाड नाही. सगळ्या विमानात ओळखीचं एकच माणूस, आणि त्याचीही ओळख नवीनच. तेही मागे सामान बांधत बसलेलं. मला वाटलं, आपण कुठे चाललोय, कुणाबरोबर चाललोय, आईला परत कधी बघणार. मग अंबाड्यातली पिन काढली आणि सीटच्या बाजूला, त्या राखी रंगावर, श्री कोरला. शाळेत पेपरावर आधी काढायचो ना, तसा. म्हटलं, जे काय सुरू होतंय ते नीट होऊ दे.

राजन : डाव्या हाताला. नकाशे ठेवायचा कप्पा असतो, त्याच्या खाली.

मृणालिनी : तुम्हाला कसं माहीत?

राजन : शारजाला उतरल्यावर विमान तपासलं कुणी? मीच. आणि मागून आमचा फोरमन मुश्ताक. त्याने नेमका तिथेच टॉर्च मारला. म्हणाला, ये क्या है? मी म्हटलं, उस्ताद, हॉलंड का जहाज है, उन लोगों का कुछ निशान होगा.

केरू : आन मानलं त्यानं?

राजन : मानलं म्हणजे! पुढे जो नवीन पोरगा कामाला लागायचा, त्याला नेऊन दाखवायचा. देखो बेटा, ये डच निशान है, इसको कभी रंग नहीं लगाना.

मृणालिनी : आणि एवढ्या वर्षांत मला बोलला नाहीत?

राजन : तू बोललीस? मला वाटलं नवी नवरी आहे, पकडली म्हणून लाजेल. आणि मग राहूनच गेलं. खरं सांगू? रोज विमान तपासताना मी आधी तो बघायचो. बरं वाटायचं.

मृणालिनी : मग तुम्हीही...

राजन : हे आणलं तेव्हा मीसुद्धा आधी तिथेच हात घातला. नव्हता.

मृणालिनी : तरी मला म्हणालात, हे आपलंच विमान!

राजन : नाहीतर शेड दिली असतीस? आणि तुला माहीत होतं तर तू का गप्प बसलीस?

मृणालिनी : तुम्ही अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटत होतात. खैरुद्दीनला दोन दिलेत. लग्नात सुद्धा एवढे हसला नव्हता. म्हटलं, जाऊ दे, गाडी उन्हात राहील, दुसरं काय. आणि आज बघा, शाळेत पोरांना खोटं बोललं म्हणून उभं करणारी मी, त्या म्हाताऱ्याला तोंडावर तीनदा खोटं बोलले.

राजन : का बोललीस?

मृणालिनी : तुमचं तोंड बघवेना.

केरू : म्हंजी दोघांस्नी ठावं, आन दोघं बी गप! आन म्या खुळा कालपास्नं एका चिरंपायी जेवलो न्हाय. ... साहेब, त्यो बघा. गोरा परत आला. हातात चावी हाय.

राजन : मृणाल, तू चल बरोबर.

मृणालिनी : तुम्ही जा. मी रांग सोडून येणार नाही, पोरं ताटकळलीत. सिट, बेटा. यू आर द कॅप्टन.

केरू : वैनी, साहेब निस्तं उभं ऱ्हायलंय. गोराच बोलतोय. ... साहेबानं मान खाली घातली. गेलं वैनी. जहूर येतोय आता उद्या. ... आरं, न्हाय न्हाय! गळ्यात पडलं की! गोरा गुदमरला!

राजन : मृणाल! मिळाली! खोली मिळाली आपल्याला!

मृणालिनी : चेष्टा नका करू हं.

राजन : शप्पथ. म्हणाला, इथे प्रत्येक जण आपल्या विमानाची गोष्ट सांगतो आणि त्यातल्या निम्म्या थापा असतात. स्वतःची थाप स्वतः मोडणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. आणि रांग. म्हणाला, एवढी पोरं एका कॉकपिटापुढे कधीच नव्हती. पण अटी आहेत.

मृणालिनी : कसल्या?

राजन : चीर बुजवायची नाही. बोर्डावर लिहायचं, फेब्रुवारी दोन हजार तीन, नारळ फोडताना.

केरू : कुणी फोडला ते?

राजन : ते पण लिहिणार आहे. तुझं पूर्ण नाव विचारतोय.

केरू : केरू दगडू वाकचौरे, तालुका अकोले. सगळं लिवा साहेब. तरी गावात कुणाला पटणार न्हाय. म्हणत्याल, मोडलं ते मोडलं आन वर नाव लावलं.

राजन : दुसरी अट हिच्यासाठी. महिन्यातून एका शुक्रवारी तू यायचंस. पोरांची रांग लावायला.

मृणालिनी : आणि मला न विचारता तुम्ही हो म्हणालात?

राजन : हो.

मृणालिनी : बरं केलंत. तिसरी?

राजन : मी मोजे घालून यायचं नाही.

मृणालिनी : माणूस शहाणा आहे.

केरू : मंग साहेब, म्या गाडी लावतो हँगरपाशी. हलवायच्या आधी एक...

राजन : नारळ नाही!

केरू : अगरबत्ती म्हणत व्हतो. लावतो दुरूनच.

राजन : चल, उतर आता. पोरं गेली सगळी. ... काय शोधतेस केसांत?

मृणालिनी : पिन.

राजन : मृणाल, नाही हं. तो रंग ओरिजिनल आहे.

मृणालिनी : नारळाची चीर चालते आणि माझा श्री चालत नाही?

राजन : अगं पण ते खोटं होईल. तो ह्या विमानात कधी नव्हताच.

मृणालिनी : होता असं कोण म्हणतंय? आज इथे नवं काहीतरी सुरू होतंय. सुरुवातीला श्री नको काढायला?

राजन : ... थांब. टॉर्च धरतो. जरा खाली घे. अजून खाली. हां, कप्प्याच्या आड. आणि कुणी विचारलं तर?

मृणालिनी : डच निशान. हलवू नका टॉर्च. ... श काढला, बघा.

राजन : फार सरळ येतोय गं. तेव्हाचा वाकडा होता.

मृणालिनी : तेव्हा विमान हलत होतं.

राजन : मग वेलांटी राहू दे जरा. मी उतरून हलवतो.